फॉरवर्ड करण्याआधी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी प्रश्न भरपूर आलेत आणि निम्म्याहून जास्त प्रश्न मोबाईलवर आलेल्या कुठल्या ना कुठल्या मेसेजबद्दलच आहेत, त्यामुळे सारखे प्रश्न एकत्र केले, नावं काढली, आणि एका काकांनी प्रश्नाच्या शेवटी सतरा उद्गारचिन्हं दिली होती ती कमी करून एकावर आणली. काका, राग मानू नका.

प्रश्न: आमच्या प्रार्थना ग्रुपवर मेसेज आला की अफगाणिस्तानात २२ मिशनरींना उद्या दुपारी ठार मारणार आहेत, लगेच प्रार्थना करा आणि सगळ्यांना पाठवा. मी रडत रडत पाठवला. मुलगी म्हणते हे खोटं आहे. पण प्रार्थना केली तर बिघडलं कुठे?

ताई, आधी एक कबुली देतो. हाच मेसेज मीसुद्धा एकदा पाठवलाय, तोही तीन ग्रुपवर, आणि त्यातल्या एका ग्रुपवर एका तरुण मुलाने शांतपणे लिहिलं की काका हा मागच्या वर्षीही आला होता. कान लाल झाले माझे.

तर हा मेसेज साधारण २००९ पासून फिरतोय, कधी ईमेलने, कधी एसएमएसने, आता व्हॉट्सअॅपवर. त्यातला तो 'उद्या' एवढी वर्षं झाली तरी उगवलेला नाही, कारण मेसेजवर तारीखच नसते. पण हे हवेतून आलेलं नाही, आणि म्हणूनच ते खरं वाटतं. जुलै २००७ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका चर्चचे २३ जण गझनी प्रांतात तालिबानने खरोखर बसमधून पळवले होते, त्यातल्या दोघांना मारलं आणि बाकीचे ऑगस्ट संपेपर्यंत सुटले. ती घटना खरी, ते दोन मृत्यूही खरे. पुढे कुणीतरी नाव-तारीख झटकून त्या दुःखाचा नुसता सांगाडा ठेवला आणि तो अजून चालतोय.

बिघडलं कुठे म्हणता, तर प्रार्थनेने काही बिघडलं नाही, पाठवण्याने बिघडलं. दहा वेळा लांडगा आला ऐकलेला माणूस अकराव्या वेळी खरा निरोप आला तरी अंगठ्याने वर सरकवतो. आणि हे फक्त मोबाईलचं पाप आहे असं नाही हं. अमेरिकेत १९७४ च्या डिसेंबरात दोघांनी तिथल्या प्रसारण आयोगाकडे अर्ज केला की शिक्षणासाठी राखून ठेवलेल्या वाहिन्या धार्मिक संस्थांना देणं चौकशी होईपर्यंत थांबवा. अर्जाचा नंबर २४९३. आयोगाने तो १ ऑगस्ट १९७५ ला फेटाळला, विषय संपला. पण चर्चाचर्चांतून पत्रक फिरलं की मॅडलिन मरे ओहेअर ही नास्तिक बाई रेडिओवरची सगळी उपासना बंद करायला निघालीय, जिचा त्या अर्जाशी काडीचाही संबंध नव्हता. लोकांनी निषेधाची पत्रं लिहिली, कोटींच्या घरात, वर्षानुवर्षं. त्या बाईंचा १९९५ मध्ये खून झाला तरी पत्रं थांबेनात. एवढे स्टॅम्प, एवढी शाई, एवढा आवेश, आणि समोर कोणीच नाही!

मग ओळखायचं कसं? मुलीला विचाराल तर ती म्हणेल नाव-गाव नसेल तर खोटं. तिचं बरंचसं बरोबर आहे पण पूर्ण नाही. जिथे विश्वासणाऱ्यांना खरोखर धोका असतो तिथून येणाऱ्या निरोपात नाव-गाव मुद्दाम झाकलेलं असतं, नाहीतर आपल्याच प्रार्थनेच्या मेसेजमुळे कुणाच्या दारावर थाप पडायची. म्हणून मी नाव शोधत नाही, मी सही शोधतो, म्हणजे हा निरोप कुणी, कधी दिला आणि उद्या मी त्यांना विचारलं तर उत्तर द्यायला ते जागेवर असतील का. एखादी संस्था, एखादा धर्मप्रांत, एखादी बातमी एजन्सी, एखादा ओळखीचा पाळक, कोणीही चालेल, पण कोणीतरी हवं.

ही माझी शोधलेली युक्ती नाही. बायबलमधलं थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र काढून बघा. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच प्रेषित पौल म्हणतो की आमच्या नावाचं म्हणून एखादं पत्र आलं तर घाबरून जाऊ नका, म्हणजे तेव्हाही कुणीतरी पौलाच्या नावाने काहीबाही पसरवत असणार अशी शंका होतीच. आणि पत्र संपवताना तो स्वतःच्या हाताने सलाम लिहितो आणि सांगतो की माझ्या प्रत्येक पत्राची ही खूण आहे. दुसरीकडे कलस्सैकरांना तो सांगतो की हे वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचायला द्या. म्हणजे फॉरवर्ड करायला पौलाची ना नव्हती, उलट तोच सांगतोय पुढे पाठवा. पण सही बघून.

प्रार्थना मात्र करा ताई. अफगाणिस्तानासाठी प्रार्थना करायला कुठल्याही मेसेजची वाट बघायची गरज नाही.

प्रश्न: एका व्हिडिओत सांगतात दर वर्षी १ लाख ख्रिस्ती विश्वासासाठी मारले जातात, दुसरीकडे साडेचार हजार वाचलं, तिसरीकडे ३८ कोटींचा छळ होतो. नक्की खरं काय?

तिन्ही आकडे कुठूनतरी आलेले आहेत, फक्त तिघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत.

३८ कोटी आणि साडेचार हजार हे दोन्ही ओपन डोअर्स या संस्थेचे, तीच जिची सुरुवात ब्रदर अँड्र्यू यांनी १९५५ मध्ये कम्युनिस्ट देशांत जाण्यापासून केली. ही संस्था दर जानेवारीत यादी काढते. २०२५ च्या यादीत ३८ कोटींहून जास्त ख्रिस्ती लोक छळ आणि भेदभाव जास्त असलेल्या ठिकाणी राहतात असं म्हटलंय. त्यात नोकरी न मिळण्यापासून तुरुंगापर्यंत सगळं आलं, म्हणजे ३८ कोटी लोकांना रोज मार बसतो असा अर्थ कोणी काढू नये. आणि विश्वासाच्या कारणाने मारले गेलेले त्याच यादीत ४,४७६, त्यातले तीन हजारांवर एकट्या नायजेरियात. पहिला नंबर उत्तर कोरियाचा, २००२ पासून जवळजवळ दर वर्षी, मध्ये २०२२ ला तेवढा अफगाणिस्तान वर गेला होता.

१ लाखाची गोष्ट वेगळी. हा आकडा अमेरिकेतल्या एका अभ्यास केंद्राचा, त्यांनी २००० ते २०१० या दहा वर्षांत सुमारे १० लाख हुतात्मे धरले आणि दहाने भागलं. २०१३ मध्ये बीबीसीच्या लोकांनी हा हिशेब उलगडला तर त्यातले ९ लाख काँगोच्या यादवी युद्धात मेलेले निघाले. ते लोक बहुतेक ख्रिस्ती होते, पण त्यांना मारणारेही बहुतेक ख्रिस्तीच होते, आणि ते युद्ध काही विश्वासावरून पेटलं नव्हतं. त्यांना हुतात्मा म्हणायचं की युद्धाचे बळी, यावर अभ्यासक भांडोत, पण व्हिडिओत मागे दुःखी म्युझिक लावून 'दर पाच मिनिटाला एक' म्हणायचं हे मला पटत नाही. ४,४७६ हा आकडा काही लहान आहे का? तो मोठा करून सांगावासा वाटणं हाच मला त्या लोकांचा अपमान वाटतो.

प्रश्न: नासाच्या कम्प्युटरला यहोशवाच्या काळातला हरवलेला दिवस सापडला हे खरं आहे ना? माझ्या मुलांना सांगू का?

नका सांगू. बायबलमध्ये यहोशवासाठी सूर्य थांबला आणि हिज्कीया राजासाठी सावली मागे सरली असं येतं, त्यावरून हॅरल्ड हिल नावाच्या एका उद्योजकाने १९७० च्या आसपास ही गोष्ट सांगायला सुरुवात केली, २३ तास २० मिनिटं यहोशवाची आणि ४० मिनिटं हिज्कीयाची असा बेरजेचा खेळ त्यात आहे. नासाने तेव्हाच सांगितलंय असं काही झालं नाही. शिवाय तेच गणित त्याआधी १८९० च्या सुमारास एका लष्करी माणसाने पुस्तकात मांडलेलं होतं, तेव्हा कुठला कम्प्युटर आणि कुठली नासा. कम्प्युटर दिवस मागे मोजत जाऊ शकतो, पण एक दिवस कमी पडलाय हे कळायला बाजूला दुसरं न थांबलेलं घड्याळ लागतं, ते आणायचं कुठून? यहोशवाचा दहावा अध्याय वाचून दाखवा मुलांना, तो नासाच्या सर्टिफिकेटशिवाय एवढी शतकं वाचला गेलाय.

प्रश्न: आजारपणामुळे दोन वर्षं घरूनच ऑनलाइन उपासना बघते. प्रभुभोजनाच्या वेळी मीही समोर भाकर आणि पेला ठेवते. माझी कॅथलिक मैत्रीण म्हणते हे चालत नाही. आणि तिला तरी ऑनलाइन कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, करता येईल का?

तुमच्या मैत्रिणीच्या घरचा नियम स्पष्ट आहे म्हणून आधी तो सांगतो. व्हॅटिकनने २००२ मध्ये चर्च आणि इंटरनेट या विषयावर एक दस्तऐवज काढला, त्यात सरळ म्हटलंय की इंटरनेटवर संस्कार, म्हणजे प्रभुभोजन, कन्फेशन असे चर्चचे पवित्र विधी, होत नाहीत. २०११ मध्ये कन्फेशनचं एक अॅप आलं होतं, त्याला अमेरिकेतल्या एका बिशपांची मान्यताही होती, लगेच जगभर बातमी झाली की आता फोनवर पापक्षमा. व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांना खुलासा करावा लागला की अॅप तयारीसाठी वापरा, फादरांच्या समोर बसायला पर्याय नाही.

प्रोटेस्टंटांत मात्र एकमत नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये काही मंडळ्यांनी घरोघरी भाकर-पेला समोर ठेवून प्रभुभोजन घेतलं, काहींनी म्हटलं एकत्र येईपर्यंत उपास धरू, आणि दोन्हीकडचे लोक मनापासून बोलत होते. त्यामुळे तुमच्यासाठी उत्तर तुमच्या पाळकांकडेच आहे, मी इथे बसून होय-नाही म्हणणं बरोबर नाही. माझं मत विचाराल तर मला ऑनलाइन उपासनेत कमीपणा वाटत नाही, पण ती पुरेशी आहे असंही वाटत नाही. योहानाची दुसरी आणि तिसरी पत्रं एवढीशी, एकेक पान, आणि दोन्हीच्या शेवटी म्हातारा तेच म्हणतो, पुष्कळ लिहायचंय पण कागद-शाईने नको, समोरासमोर बोलू. तरी पत्र लिहिलंच ना त्याने.

एक गंमत सांगतो मैत्रिणीला सांगायला. असिसीची संत क्लारा, मृत्यू १२५३, ती आजारी पडून होती तेव्हा दूर चाललेली मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, तिला आपल्या खोलीत दिसली-ऐकू आली अशी परंपरा आहे, आणि त्यावरून १९५८ मध्ये पोप बारावे पायस यांनी तिला टेलिव्हिजनची आश्रयदाती संत ठरवलं. तेव्हा अंथरुणावरून उपासना बघणाऱ्यांत तुम्ही एकट्या नाही.

पण मंडळीतल्या कुणाला तरी घरी बोलवा. तुम्हीच बोलवा, वाट बघू नका. स्क्रीनवर तुम्ही दिसता म्हणून सगळ्यांना वाटतंय तुमचं बरं चाललंय.

प्रश्न: रोज सकाळी वचनाचा फोटो पाठवतो, यिर्मया २९:११ ('तुमच्यासाठीचे माझे संकल्प हिताचे, आशा देणारे आहेत') सगळ्यांना फार आवडतो. एकाने लिहिलं हे वचन आपल्याला लागूच होत नाही. इतका राग आला. आणि 'भिऊ नको' ३६५ वेळा आहे हे तरी खरं का?

३६५ नाही. मोजणी भाषांतराप्रमाणे बदलते पण एवढी भरत नाही, आणि लीप वर्षात काय करायचं हाही प्रश्नच आहे.

यिर्मयाचं म्हणाल तर तुमच्या मित्राने बोलायची पद्धत चुकवली पण मुद्दा अर्धा बरोबर आहे. तो अख्खा अध्याय म्हणजे एक पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलमधल्या बंदिवानांना पाठवलेलं, कुणाच्या हाती पाठवलं त्यांची नावंसुद्धा दिलीत. ते हातात पडलं तेव्हा लोक कशाची वाट बघत होते माहितीये? आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगून बसलाय की दोन वर्षांत सगळं परत येईल. गोड बातमी, सगळ्यांना आवडणारी, आजच्या भाषेत सगळ्यात जास्त शेअर होणारी. आणि यिर्मया लिहितो, सत्तर वर्षं लागतील, घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. दहाव्या ओवीत सत्तर वर्षं आणि मग अकराव्या ओवीत ते आशेचं वचन. आपण फोटोत अकरावी ठेवतो, दहावी कापतो. हे वचन ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं त्यातल्या बहुतेकांना परत जाणं बघायला मिळालंच नसणार, तरी ते त्यांच्यासाठी होतं. तुम्ही पाठवत राहा, फक्त एखाद्या दिवशी दहावीसकट पाठवून बघा, किती लाइक येतात ते मला कळवा.

आणि हो, 'जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो' हे बायबलमध्ये कुठेच नाही. आणि 'मला तुझ्या शांतीचं साधन कर' ही सुंदर प्रार्थना असिसीच्या फ्रान्सिसच्या लिखाणात सापडत नाही, ती पहिल्यांदा छापली गेली १९१२ मध्ये एका फ्रेंच मासिकात, आणि लिहिणाऱ्याचं नाव तिथे नव्हतं. प्रार्थना करा, फ्रान्सिसचा फोटो तेवढा तिथून हटवा.

प्रश्न: मी इंग्रजीतले भक्तिपर लेख मराठीत करून इंटरनेटवर टाकते. एकाने कॉपीराइटची धमकी दिली. देवाच्या कामाला कसला कॉपीराइट?

देवाच्या कामाला नसेल, लेखकाच्या कामाला असतो. भाषांतर करायचा हक्क मूळ लेखकाचा, कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातच तसं आहे आणि जगातले बहुतेक देश त्यात आहेत. माझाच एक लेख मध्यंतरी मला फिरत फिरत परत आला, खाली दुसऱ्याच एका प्रचारकाचा फोटो आणि नाव, वर 'अभिषिक्त लेखणी'. रागही आला आणि जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

बायबलचंही असंच आहे. नवी भाषांतरं कुणाच्या तरी मालकीची असतात. इंग्रजीतल्या एनआयव्ही या भाषांतरातून परवानगी न विचारता ५०० ओव्यांपर्यंत उद्धृत करायची मुभा आहे, त्यालाही अटी आहेत. वर्ल्ड इंग्लिश बायबल पूर्ण मोकळं आहे. मराठीचं जे भाषांतर वापराल त्याच्या पहिल्या पानामागे हक्क कुणाचे ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

आणि मोकळं लिखाण इतकं पडलंय की तुम्हाला आयुष्य पुरायचं नाही. इंग्लंडचे प्रवचनकार स्पर्जन १८९२ मध्ये गेले, त्यांची प्रवचनं घ्या. चर्चच्या आद्य पितरांची, म्हणजे सुरुवातीच्या शतकांतल्या लेखकांची, एकोणिसाव्या शतकात झालेली इंग्रजी भाषांतरं घ्या. ख्रिश्चन क्लासिक्स एथेरिअल लायब्ररी नावाचा ऑनलाइन संग्रह आहे, हॅरी प्लँटिंगा या कम्प्युटरच्या प्राध्यापकांनी १९९३ मध्ये सुरू केलेला, तिथे ऑगस्टीनपासून सगळे बसलेत. आज जिवंत असलेल्या लेखकाचं करायचं तर त्यांना ईमेल करा, बरेच जण आनंदाने हो म्हणतात. तुमचं भाषांतर मी वाचलंय ताई, चांगलं आहे, म्हणूनच खाली मूळ लेखकाचं नाव आणि तुमचंही नाव हवं.

प्रश्न: मी १५ वर्षांचा आहे, कोडिंग येतं. चर्चमध्ये सगळे म्हणतात मोबाईल म्हणजे सैतान. वेबसाइट बनवणं ही सेवा होऊ शकते का?

कार्लो अकुतिसचं नाव ऐकलंयस का? १९९१ ला लंडनमध्ये जन्म, इटलीत वाढला, तुझ्याच वयात जगभरातल्या मिस्साबलिदानाशी जोडलेल्या चमत्कारांची वेबसाइट केली, १५ वर्षांचा असताना २००६ मध्ये ल्युकेमियाने गेला. ७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत जाहीर केलं. तुम्ही प्रोटेस्टंट असाल तर संत-चमत्काराची भाषा तुमच्या घरी चालणार नाही, पण मुलगा कामाचा होता हे कोणीही मानेल. आधी तुमच्या चर्चच्या साइटवर उपासनेची वेळ बरोबर आहे का बघ. बहुतेक नसेल. तिथून सुरुवात कर.

प्रश्न: पोपचे व्हिडिओ खरे कुठले खोटे कुठले? आणि आमच्या पास्टरांच्या नावाने मेसेज आला, मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, गिफ्ट कार्ड घेऊन कोड पाठवा.

दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात, फोन करा. 'फोन करू नका' लिहिलंय म्हणूनच करा. अमेरिकेच्या ग्राहक खात्याने २०१९ मध्येच चर्चच्या लोकांना या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं, आता ती सगळीकडे पोचलीय.

पोपचं म्हणाल तर मार्च २०२३ मध्ये पांढऱ्या जाडजूड जॅकेटमधला पोप फ्रान्सिस यांचा फोटो आठवतो? एआयने बनवलेला होता, भले भले फसले. लिओ यांची निवड ८ मे २०२५ ला झाली आणि पाठोपाठ त्यांच्या आवाजातली खोटी भाषणं यूट्यूबवर हजर. त्यांनी मात्र दोनच दिवसांनी कार्डिनलांसमोर सांगितलं होतं की पोप लिओ तेरावे पहिल्या औद्योगिक क्रांतीवर बोलले होते, म्हणून लिओ हे नाव घेण्यामागे एआयने आणलेली नवी औद्योगिक क्रांती हेही एक कारण आहे. खरं भाषण व्हॅटिकनच्या साइटवर मिळतं, ती साइट १९९५ च्या नाताळपासून आहे. तिथे नसेल तर सोडून द्या.

प्रश्न: बातम्यांत सारखं येतं चर्च विकलं, चर्चचं हॉटेल झालं. ख्रिस्ती धर्म संपत चाललाय का?

ज्या गल्लीत कॅमेरा उभा तिथली बातमी. प्यू रिसर्च या अमेरिकन अभ्यास संस्थेच्या हिशेबाने २०२० मध्ये जगात सुमारे २३० कोटी ख्रिस्ती होते, २०१० पेक्षा जास्तच, पण लोकसंख्येतला वाटा थोडा घसरून २८.८ टक्क्यांवर आला. १९१० मध्ये तीनातले दोन ख्रिस्ती युरोपात राहायचे, आता युरोपात २२ टक्के आणि सहाराच्या खालच्या आफ्रिकेत ३१. म्हणजे आज सरासरी ख्रिस्ती माणूस काढायचा तर तो लागोस किंवा किन्शासात सापडायची शक्यता जास्त, आणि तो जागेअभावी बाहेर मांडवात उभा असेल. इंग्रजी बातम्या लंडन-न्यूयॉर्कात लिहिल्या जातात आणि आपण त्याच वाचतो, म्हणून आपल्याला विकलेलं चर्च दिसतं.

प्रश्न: ७ जानेवारीला काही देशांतून नाताळच्या शुभेच्छा येतात, चुकून का?

चुकून नाही. रशिया, सर्बिया वगैरे ठिकाणची ऑर्थोडॉक्स चर्चेस जुनं ज्युलियन कॅलेंडर धरतात, ते सध्या १३ दिवस मागे आहे. युक्रेनने २०२३ मध्ये बदलून २५ डिसेंबर केला. आर्मेनियाचं चर्च ६ जानेवारी पाळतं. २०२५ मध्ये ईस्टर मात्र दोन्हीकडे एकाच दिवशी आला, २० एप्रिलला. शुभेच्छा आल्या की परत द्या, वाद घालू नका.

प्रश्न: मी ऑनलाइन प्रवचन दीडपट स्पीडवर ऐकतो. बायको म्हणते हा वचनाचा अपमान आहे. आमचे पास्टर दीड तास बोलतात हो!

भाऊ, बायकोशी वाद घालायला मी येणार नाही. पण प्रेषितांची कृत्ये विसावा अध्याय वाचा. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत होता, युतुख नावाचा तरुण खिडकीत बसला होता, त्याला डुलकी लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोक धावले, पौल खाली आला, मुलाला कवटाळलं, म्हणाला घाबरू नका, जीव आहे याच्यात. मग सगळे वर गेले, भाकर मोडली, खाल्लं, आणि पौल परत बोलायला लागला तो उजाडेपर्यंत.